एक सूत लाकूड

सुतारकामात एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वाणिज्य शाखेच्या माझ्या एकाही पुस्तकात हे माप आढळले नव्हते. आढळले ते भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये. मे महिन्याच्या सुट्टीत बेळगावहून गोवा एक्सप्रेसने मामांकडे गेलो होतो. शेजारीच एका मिस्त्रींचे लहानसे वर्कशॉप. पंधरा दिवस मी तेथे चिरलेल्या पट्ट्या रचून ठेवण्याचे काम केले.

आपला सुतार तिकडे बढई. कन्नडमध्ये तोच बडगी, म्हणजे भोपाळचा शब्द आमच्या कन्नड मित्रांना अधिक जवळचा! गुण्याचा गुनिया होतो, भुशाचा बुरादा. नाकात मात्र तो तसाच जातो.

करवतीच्या टेबलावर पाते जागच्या जागी फिरते आणि लाकूड पुढे सरकवावे लागते. रेषेबरोबर लांब चिरायचे असेल तर फळी बाजूच्या कठड्याला टेकवायची. प्रत्येक कापात पात्याच्या जाडीएवढे, सुमारे एक सूत, लाकूड भुसा होऊन जाते. दहा काप घेतले की सव्वा इंच सागवान संपले. हिशेबात आपण याला सामान्य घट म्हणतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो.

पण खरा धोका वेगळाच. चिरत असताना लाकडातला ताण सुटतो, फट मिटू लागते आणि पात्याला चिमटा बसतो. मग मागच्या बाजूने वर येणारे दात फळी उचलून चालवणाऱ्याच्याच अंगावर भिरकावतात. हात पात्यावर ओढला जातो तो बहुधा अशाच वेळी. ती फट मिटू नये म्हणून पात्यामागे एक पातळ पोलादी पट्टी उभी बसवतात. उभे राहायचे तेही पात्याच्या रेषेत नव्हे, जरा बाजूला. मला वाटे, हातमोजे घातले की झाले. "भांजे, दस्ताने कभी नहीं!" मिस्त्री म्हणाले. दाताला कापड अडकले की बोटाबरोबर सगळा हात आत जातो.

त्यांच्या उजव्या तर्जनीचे टोकाचे पेर नाही. पट्टी बसवण्याआधीची ती गोष्ट.

कायद्याच्या तासाला वाचलेले मला आठवले. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा तक्ताच होता: अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरायचे, पूर्ण तर्जनीला १४, तिच्या एका पेराला ९, करंगळीला ७. परीक्षेसाठी हे आकडे मी पाठ केले होते. समोर ते बोट पाहून ते म्हणून दाखवणे बरे वाटेना, पण मिस्त्रींनीच खोदून विचारले, तेव्हा सांगितले.

"नौ टक्का," ते हसले. "और देगा कौन?"

"मालक."

"मालिक तो मैं ही हूँ."

पुढची पट्टी तीन बोटे रुंदीची होती. त्यांनी खुंटीवरची खाच पाडलेली काठी काढली, पाते लाकडाच्या जेमतेम वर दिसेल इतके खाली घेतले आणि मला बाजूला व्हायची खूण केली.