टोरांटोतला डबा

टोरांटोत नव्याने आलेल्या कुटुंबाला आधी पत्ता मिळवावा लागतो. मुलांची शाळा पत्त्यावरूनच ठरते, पत्त्यासाठी भाडेकरार लागतो आणि करारापूर्वी घरमालक क्रेडिट हिस्टरी मागतो. विमानातून कालच उतरलेल्या माणसाकडे ती कुठून असणार? प्रस्तुत लेखकाचे कुटुंब २०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून तेथे गेले, तेव्हा पुण्याच्या बँकेतल्या पंधरा वर्षांच्या चोख व्यवहाराला तिथे काडीची किंमत नव्हती. असे लोक बहुधा बेसमेंटमधल्या दोन खोल्यांवर भागवतात. या कुटुंबानेही पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे भाडे आगाऊ भरून तेच केले.

पुढची कागदपत्रे भराभर होतात. नऊ आकडी सोशल इन्शुरन्स नंबर एका खेपेत मिळतो. सरकारी आरोग्य विम्याला मात्र त्या काळी तीन महिने थांबावे लागे. ही अट २०२० मध्ये उठली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शहराच्या बस-ट्रामचे तिकीट पडत नाही, हा मोठाच दिलासा.

अवघड जातो तो शाळेचा डबा. ऑन्टारिओत २००६ पासून लागू असलेल्या ‘सब्रिनाज लॉ’नुसार प्रत्येक शाळा मंडळाला जीवघेण्या अ‍ॅलर्जीबाबत धोरण ठेवावे लागते. कायद्यात शेंगदाण्यावर सरसकट बंदी नाही, पण बऱ्याच शाळा तो आवारात आणू देत नाहीत. मराठी घराची इथे पंचाईत होते, कारण खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, सगळीकडे दाण्याचे कूट. लेखकाच्या मुलीचा पहिल्याच आठवड्यातला साबुदाण्याच्या खिचडीचा डबा चिठ्ठीसह तसाच परत आला. ‘यात दाणे आहेत’ असे बाईंना तिनेच कौतुकाने सांगितले होते. चिठ्ठीची भाषा नम्र होती आणि शाळेचे म्हणणे रास्तच होते. वर्गातल्या एखाद्या मुलाचा श्वास कोंडण्यापेक्षा खिचडी मोठी नाही.

यावर उपाय म्हणजे सूर्यफुलाच्या बिया. मंद आचेवर भाजून त्यांचे भरड कूट केले की कोशिंबिरीत फरक कळत नाही. खिचडी मात्र करडी दिसते आणि चवीला थोडी कडसर लागते. ओळखीच्या घरांतून ही युक्ती तोंडोतोंडी पसरते, आणि कोथिंबीर-कढीपत्त्यासाठी जेरार्ड स्ट्रीटच्या भारतीय बाजारात जाणारी मंडळी बियाही किलोने घेतात. दाण्याच्या कुटाची बरणी लेखकाच्या घरी वरच्या फळीवर असते आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावरच खाली येते.