पुरलेला निखारा

आजीने चुलीतली राख कधी पुरती काढली नाही. सकाळी सारवण्याआधी वरवरची ओढून घ्यायची आणि तळाशी दोन बोटं थर ठेवायची. "चुलीला अंथरूण लागतं," म्हणायची. रात्री टोप उतरले की जळती लाकडं बाहेर ओढायची, ऐनाचा एखादा जाडसा निखारा निवडून त्या थरात पुरायची आणि वरून पुन्हा राख. पहाटे उकरला की आत लालच. दोन सोडणं, फुंकणीच्या तीन फुंका, की चहाचं आधण. काडेपेटी देव्हाऱ्याजवळ असायची, फक्त दिव्यापुरती.

राखेखाली हवा कमी पोचते, म्हणून निखारा रात्रभर पुरतो, हे शास्त्र मला पुढे शाळेत कळलं. राख फसवते हे मात्र आठव्या वर्षीच कळलं होतं. गार दिसली म्हणून मी ती घमेल्यात भरून गोठ्यामागे पेंढ्याच्या उडवीशी ओतली. दुपारी वारा सुटला आणि अर्धी उडवी गेली. आजीने शिव्या घातल्या त्या घातल्याच, पण संध्याकाळी माझा हात धरून राखेवर उपडा केला. "तळवा राठ असतो, त्याला कळत नाही. मागची बाजू धर." तेव्हापासून राख एक रात्र फुटक्या हंड्यात काढायची आणि मगच बाहेर जायची.

बाहेर म्हणजे तरी कुठे! चाळलेली भांड्यांना, नारळाच्या शेंडीबरोबर. थोडी पावट्याच्या बियाण्यात. वांग्यांवर मावा पडला की दंव वाळायच्या आत पानांवर. राखेतला क्षार टोपाचं तेल खातो तसा हातही खातो. आजीची पेरं बारमाही भेगाळलेली. पोटॅशियम हे नाव राखेच्याच क्षारावरून पडलं, १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने तो धातू वेगळा काढला, असं मी बारावीत तिला मोठ्या ऐटीत ऐकवलं.

"म्हणजे राखच ना? मग तो टोप घास."

ती मार्गशीर्षात गेली, पहाटे झोपेतच, चूल उकरायच्या आधी. दोन दिवस चूल पेटली नाही. शेजारून पिठलं-भात यायचा. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. राखेवर पाणी शिंपडायला सांगितलं, तेव्हा बाबा तांब्या घेऊन वाकले आणि थांबले. मग त्यांनी दुसरा हात उपडा करून राखेवर धरला. बराच वेळ. राख कोमट होती की गार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

घरी आल्यावर काकू चुलीपुढे बसली. पत्र्याने राख बाजूला सारत गेली, तळापर्यंत. निखारा ठेवलेल्या जागी कोळशाचा तुकडाही नव्हता. बाकीच्या राखेहून जराशी पांढरी राख, मुठीएवढी. काकूने ती तशीच राहू दिली आणि मला देव्हाऱ्याजवळची काडेपेटी आणायला पाठवलं.