एवढीशी आडवी रेघ

'पाच-दहा लिटरचे डबे' आणि 'पाच दहा लिटरचे डबे' यांत फरक तो काय? मधली एक आडवी रेघ गळाली, इतकेच. पण पहिल्या वाक्यात डबे किती याचा पत्ता नाही आणि प्रत्येकात पाचापासून दहापर्यंत कितीही लिटर असू शकतात. दुसऱ्यात दहा लिटरचे मोजून पाच डबे आहेत. ललित लेखात या संयोगचिन्हावाचून कुणाचे काही अडत नाही. फवारणीच्या माहितीपत्रकात मात्र त्याच्यावर पीक अवलंबून असते, कधी माणूसही.

शेतीची पत्रके मराठीत उतरवणे आणि त्यांची मुद्रिते तपासणे हे माझे काम. आमचा बेळगाव-निपाणीचा पट्टा उसाचा आणि तंबाखूचा. कीटकनाशक असो, बुरशीनाशक असो की तणनाशक, बोलताना आम्ही सगळ्यालाच 'औषध' म्हणतो. बांधापलीकडचा कन्नड शेजारीही 'औषधी'च म्हणतो. बांधावर हे चालून जाते, कारण बाटली समोर असते. कागदावर बाटली नसते, फक्त शब्द असतो.

आता एकाच पत्रकात वर 'तणनाशक', मध्ये 'तृणनाशक', खाली 'तण-नाशक' आणि शेवटी नुसते 'औषध' असे छापले, तर वाचणाऱ्याने किती बाटल्या समजायच्या? शाळेत गुरुजींनी शिकवलेले असते की तोच तो शब्द पुन्हा वापरू नये. निबंधाला तो नियम शोभतो. इथे तोच शब्द, तसाच जोडून, दहा वेळा आला पाहिजे. दुभाषी घरात तर याची गरज दुप्पट. बापाने मराठी मजकूर वाचावा, शाळकरी पोराने शेजारचा कन्नड मजकूर वाचून 'कळेनाशक म्हणजे आपले तणनाशक' असा ताळा करावा, हे आमच्याकडे नेहमीचे. मराठी शब्दच दर ओळीला वेष बदलू लागला, तर ताळा जुळायचा कसा?

'उतारा' हा शब्द घ्या. जमिनीचा उतारा, उसातल्या साखरेचा उतारा, पुस्तकातला उतारा आणि विषावरचा उतारा. चारही अर्थ आमच्या रोजच्या वापरातले. म्हणून पत्रकात मी नुसते 'उतारा' कधी ठेवत नाही. 'विषावरील उतारा' असे पूर्ण लिहितो आणि शेवटपर्यंत तेच ठेवतो.

ओळ संपताना शब्द तोडायचा झाला तर आणखी जपावे लागते. 'अपेय' मधला 'अ' वरच्या ओळीत राहिला आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला 'पेय' आले, तर घाईने वाचणाऱ्याला काय दिसेल? नकाराचा 'अ' शब्दापासून तोडू नये, मग ओळ थोडी विरळ दिसली तरी चालेल. तसेच '५-१० मिली' मधली रेघ बारीक छपाईत पुसली गेली की ५१० होतात. तिथे 'ते' हे अक्षर घालून '५ ते १० मिली' लिहिले की प्रश्न मिटतो. आणि डब्यांचे वाक्य फिरवून 'दहा लिटरचे पाच डबे' केले, की रेघेचीही गरज उरत नाही.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांनी इंग्रजी-हिंदीबरोबर प्रादेशिक भाषेतही माहिती छापण्याचे बंधन घातले. अक्षर न येणाऱ्यासाठी वेष्टनावर विषाची तीव्रता सांगणारे चार रंगही ठरवले: लाल, पिवळा, निळा, हिरवा. सर्वांत जहाल ते लाल. लाल म्हणजे काय, हे बाटलीगणिक बदलत नाही. शब्दाकडून माझी याहून जास्त अपेक्षा नाही.

शब्दाचे मोल आम्हा सीमाभागातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे नाव सरकारी कागदांवर 'बेळगावी' झाले. आमच्या घरांत ते 'बेळगाव'च राहिले. एका वेलांटीसाठी आपण एवढे जागे असतो. तीच जाग बाटलीवरच्या मराठीसाठीही ठेवावी. ती वाचून कुणीतरी उद्या सकाळी पंपात पाणी भरणार असतो.