हवा गोठते तेव्हा

मंगळाच्या दक्षिण ध्रुवावर हिवाळा आला की सूर्य महिनोन्‌महिने उगवत नाही. तापमान उणे १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतं आणि हवाच गोठू लागते. पाण्याची वाफ नव्हे, खुद्द हवा. तिथल्या वातावरणात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. त्यातला काही जमिनीवरच थिजतो, काही ढगांतून हिम होऊन भुरभुरतो. त्या हिमाचे कण केसाच्या जाडीहून बारीक.

ध्रुवांवरचे ते पांढरे ठिपके मोठे होतात, आक्रसतात, हे विल्यम हर्शेलने १७८४ सालीच मांडलं होतं. पण ते हिम कशाचं? १९६६ साली रॉबर्ट लेटन आणि ब्रूस मरे यांनी गणित करून सांगितलं, की ऋतूंबरोबर येणारं-जाणारं हिम कार्बन डायऑक्साइडचं असावं. आणि तसं असेल तर साऱ्या ग्रहावरचा हवेचा दाब ऋतूंच्या तालावर चढेल, उतरेल. दहा वर्षांनी व्हायकिंग यानं उतरली ती उत्तर गोलार्धात, त्या हिमापासून हजारो किलोमीटर दूर. तरी दक्षिणेत हिवाळा भरला की त्यांच्या दाबमापकांचे आकडे घसरत जात, थेट पाव हिश्श्याच्या आसपास कमी होत. अंटार्क्टिकावर कितीही बर्फ पडो, पुण्यातल्या दाबमापकाला त्याची खबर लागत नाही. मंगळावर मात्र एका टोकाचा हिवाळा साऱ्या ग्रहाला जाणवतो. या एका गोष्टीपाशी माझं मन फिरून फिरून येतं.

मग वसंत. कापूर जसा न वितळता उडून जातो, तसं हे हिम ओलावा न ठेवता पुन्हा हवा होतं. पण दक्षिणेत काही ठिकाणी ते निमूटपणे जात नाही. तिथे थिजलेला थर पारदर्शक असतो. ऊन त्यातून आरपार जाऊन खालची काळपट जमीन तापवतं, थराच्या तळाशी वायू कोंडतो, दाब वाढत जातो आणि कुठेतरी कमकुवत जागी थर फुटतो. वायू धूळ घेऊन उसळतो. ती धूळ वारा नेईल तिकडे पंख्याच्या आकारात पसरते. कोंडलेला वायू फटीकडे धावताना जमीन खरवडतो आणि एका केंद्रातून फुटलेल्या वेड्यावाकड्या चरांची नक्षी मागे राहते. शास्त्रज्ञ तिला ‘कोळी’ म्हणतात. ही कारणमीमांसा ह्यू कीफर यांची. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर यानाच्या छायाचित्रांत हे पंखे आणि कोळी इतके स्पष्ट दिसतात, की पाहताना वेळेचं भान राहत नाही.

प्रत्यक्ष फवारा उडताना मात्र अजून कुठल्याच कॅमेऱ्याला सापडलेला नाही. पर्सिव्हरन्स या बग्गीने २०२१ साली मंगळावरचा वारा आपल्याला ऐकवला. तसाच एखादा मायक्रोफोन कुणीतरी दक्षिण ध्रुवाजवळ, ऐन वसंतात, त्या फुटायला आलेल्या थरावर नेऊन ठेवावा, असं मला फार वाटतं.