ओळख पटली नाही

गेल्या वर्षी उन्हाळी सुट्टीच्या प्रकल्पासाठी आमच्या हाऊसला 10 गुण मिळाले होते. त्यातले 6 नंतर परत गेले आणि ते माझ्यामुळे गेले. काय झाले ते पुष्कळांना अर्धेच माहीत आहे. म्हणून या पानावर पूर्ण लिहीत आहे.

बाबांची बदली लखनऊला झाली तेव्हा मी शाळेत होतो. नवे घर मी पहिल्यांदा सुट्टीतच पाहिले. पुष्पक एक्सप्रेसने उतरलो आणि छावणीत शिरलो, तेव्हा पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती झाडे. 1857 च्या आधी लखनऊची छावणी गोमतीपलीकडे मडियांवला होती. उठावानंतर ती सोडून इंग्रजांनी नवी छावणी दिलकुशाच्या बाजूला वसवली. दिलकुशा म्हणजे नवाबांची शिकारीसाठी बांधलेली कोठी. आज तिच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. आमचे क्वार्टर जुने आहे. मागे बाग आहे, बागेत दोन आंबे, एक कडुनिंब, एक जांभूळ. मे महिन्यात दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, पण पहाटे साडेपाच ते साडेसात बाग माझी असे. बाबांची जुनी दुर्बीण, एक वही आणि मी.

मी ठरवले होते की प्रकल्प शिकारी पक्ष्यांवरच करायचा. चिमण्या-मैना सगळेच करतात.

सुरुवातच फजितीने झाली. तिसऱ्या दिवशी जांभळावरून एक मोठा तपकिरी पक्षी गोल फिरत वर गेला. पंख रुंद, शेपटी पंख्यासारखी पसरलेली. मी ओरडलो, "गरुड!" कडुनिंबाला पाणी घालणाऱ्या माळीचाचांनी मान वर केली आणि म्हणाले, "भैया, ई तो चील है." मी पुस्तकातले चित्र दाखवले. घारीची शेपटी मधोमध दुभंगलेली असते, याची नव्हती. चाचा काही बोलले नाहीत, फक्त वर बोट दाखवले. पक्षी सरळ उडू लागला, शेपटी मिटली आणि तिच्यात खाच स्पष्ट दिसली. वळताना घार शेपटी पूर्ण पसरते तेव्हा ती खाच जवळजवळ नाहीशी होते. ते पुस्तकातल्या स्थिर चित्रात कळत नाही. चाचांनी साठ वर्षे घारी पाहिल्या होत्या, मी तीन दिवस.

यातून मी शिकायला हवे होते. पण मी फक्त "घार" हा शब्द वहीत लिहिला आणि पुढे गेलो.

मग आला शिक्रा. कबुतराएवढा पक्षी, पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, शेपटीवर काळे पट्टे. चार-पाच वेळा भराभर पंख मारायचे आणि मग तरंगत जायचे, अशी त्याची उडण्याची पद्धत. तो बागेत शिरला की खारी ओरडू लागत आणि सातभाईंचा तर नुसता गलका होई. सलीम अलींच्या पुस्तकात शिक्र्याचे वर्णन अगदी असेच होते. नावही मला आवडले. आपल्याकडच्या शिकारी पक्ष्यांची पुष्कळ नावे बाज पाळणाऱ्यांच्या बोलीतून आली आहेत. बाज, शिक्रा, तुरमती, बहिरी. बहिरी ससाणा बहिरा नसतो. ते नाव समुद्राच्या अरबी शब्दावरून, बहर वरून, आले आहे. नवाबांच्या शिकारकोठीजवळ मला रोज शिक्रा दिसतो, याचा मला फार अभिमान वाटला. आईला मी रोज चहाच्या वेळी आकडा सांगत असे. सुट्टी संपली तेव्हा वहीत शिक्र्याच्या 19 नोंदी होत्या.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट रोज घडत होती. पहाटे अंधार असतानाच आंब्याच्या शेंड्यावरून पावशा ओरडत असे. साताऱ्याकडे आमची आजी सांगते की तो "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणतो आणि शेतकऱ्याला पावसाची आठवण करून देतो. माळीचाचा त्याला पपीहा म्हणत. त्यांच्या मते तो "पी कहाँ" असे विचारतो. आवाज चढत चढत जातो, एकदम तुटतो आणि पुन्हा खालून सुरू होतो. मला तो आवाज इतका पाठ झाला होता की मी त्याच्याकडे लक्ष देणेही सोडून दिले. पावशा शिकारी पक्षी नाही, तो कोकिळेच्या कुळातला. माझ्या प्रकल्पात त्याला जागा नव्हती.

शाळेत परत आलो. तक्ता केला, शिक्र्याचे मोठे चित्र काढले, 19 नोंदींचा आलेख केला. तक्ता लायब्ररीच्या भिंतीवर लागला. 10 गुण मिळाले. हाऊस कॅप्टनने जेवणाच्या वेळी माझी पाठ थोपटली.

जुलैच्या अखेरीस आईचे पत्र आले. आत एक फोटो होता. आईने लिहिले होते, "तू गेल्यावर तुझ्या शिक्र्याला पिल्लू झालं वाटतं. पण गंमत बघ, त्याला सातभाई भरवताहेत!"

फोटोत आंब्याच्या खालच्या फांदीवर एक मोठे पिल्लू बसले होते. छातीवर तपकिरी ठिपक्यांच्या रेघा, शेपटीवर पट्टे. त्याच्यापेक्षा लहान असलेला एक सातभाई त्याच्या उघड्या चोचीत अळी घालत होता. चोच सरळ होती. शिकारी पक्ष्याची चोच आकड्यासारखी खाली वळलेली असते.

मी लायब्ररीत गेलो आणि या वेळी पावशाचे पान उघडले. पावशा दिसायला शिक्र्यासारखाच असतो. आकार तोच, राखाडी पाठ तीच, पट्ट्यांची शेपटी तीच, चार पंख मारून तरंगण्याची उडण्याची तऱ्हाही तीच. पिल्लूसुद्धा शिक्र्याच्या पिल्लासारखे दिसते. पावशा स्वतः घरटे बांधत नाही. तो सातभाईंच्या घरट्यात अंडे घालतो आणि त्यांनाच पिल्लू वाढवायला लावतो. म्हणजे ज्या पक्ष्याला मी महिनाभर पहाटे ऐकत होतो आणि ज्याला उजाडल्यावर पाहत होतो, तो कदाचित एकच होता. मी त्याला कानाने पावशा म्हणत होतो आणि डोळ्यांनी शिक्रा.

मी वही काढली. वाटले, नोंदी तपासून कोणता कोण ते वेगळे करता येईल. शिक्र्याची चोच वाकडी, पंजे शिकार पकडणारे, नराचा डोळा लाल. पावशाची चोच सरळ, डोळ्याभोवती पिवळे कडे, पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे. पण 19 पैकी 16 नोंदी अशा होत्या: "शिक्रा, आंबा, 6.40." बस. ना चोच, ना डोळा, ना पाय. मी जे पाहिले ते लिहिलेच नव्हते. मला जे वाटले, तेवढेच लिहिले होते. आता त्या 16 सकाळी परत आणता येणार नव्हत्या.

पत्र मी चार दिवस लॉकरमध्ये कपड्यांखाली ठेवले. खरे सांगायचे तर मी गप्प बसायचे ठरवले होते. फोटो माझ्याशिवाय कोणी पाहिला नव्हता. बागेत शिक्रा अजिबात आला नव्हता असेही नाही. दोन नोंदींमध्ये त्याने सरडा आणि पाल पंजात उचलल्याचे लिहिले होते, ते काम पावशाचे नाही. मग थोडे इकडेतिकडे झाले तर काय बिघडले, असे मी स्वतःला समजावत होतो.

पाचव्या दिवशी प्रेपनंतर सातवीतला एक मुलगा तक्त्यासमोर उभा होता. त्याने विचारले, "दादा, शिक्रा ओळखायचा कसा?" मी सांगू लागलो. राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपटी, चार पंख आणि तरंगणे. तो वहीत लिहून घेत होता. मध्येच माझ्या लक्षात आले की मी सांगतो त्यातले प्रत्येक लक्षण पावशाचेही आहे आणि हे आता मला ठाऊक आहे. सुट्टीत मी चुकलो होतो. आता मी चुकत नव्हतो, खोटे बोलत होतो. त्याला म्हटले, "थांब, ते खोड."

दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राच्या सरांकडे पत्र, फोटो आणि वही घेऊन गेलो. सरांनी फोटो बराच वेळ पाहिला. मला वाटले होते की ते रागावतील किंवा शाबासकी देतील. दोन्हीही केले नाही. त्यांनी वहीतल्या 16 नोंदींवर पेन्सिलीने एकेक रेघ मारली आणि म्हणाले, "तक्ता काढू नकोस. दुरुस्त कर. नाव शेवटी लिहायचं असतं. आधी काय दिसलं ते."

तक्त्यावर मी आलेखाच्या जागी नवा कागद चिकटवला: एकूण नोंदी 19. शिक्रा 2. बहुधा पावशा 1. सांगता येत नाही 16. शेजारी आईने काढलेला फोटो. गुण 10 चे 4 झाले.

हाऊस कॅप्टन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला, पण पक्ष्यांविषयी नाही. मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा आमचे हाऊस 5 गुणांनी दुसरे आले. वजाबाकी सगळ्यांना येते. कोणी मला तोंडावर काही म्हटले नाही, पण त्या संध्याकाळी मेसमध्ये मी नेहमीच्या टेबलावर बसलो नाही. सांगितले ते बरे केले, असे मला त्या दिवशी मुळीच वाटत नव्हते. हे लिहिताना वाटते, पण तेव्हा वाटत नव्हते, हेही लिहायला हवे.

फील्डक्राफ्टच्या तासाला उस्ताद आम्हांला शिकवतात की वस्तू नजरेस का पडते: आकार, सावली, चमक, पार्श्वभूमी, हालचाल. मग ते टेकडीवर काही लपवतात आणि एकेकाला विचारतात. कोणी म्हणतो, "सर, दुश्मन!" उस्ताद म्हणतात, "जो देखा वो बोलो. जो सोचा वो बाद में." झुडपामागे काळे, गोल, हलत नाही, असे सांगायचे. ते शिरस्त्राण आहे की तवा, हे ठरवण्याचे काम पुढचे. हा धडा मी आधीही ऐकला होता, उत्तरेही दिली होती. पण तो बागेतही लागू पडतो हे मला सुचले नव्हते. पाहणारा चुकला तरी त्याने जे दिसले ते नीट सांगितले असेल, तर दुसरा कोणी ती चूक सुधारू शकतो. नुसते नाव सांगितले, तर सुधारायलाच काही उरत नाही.

या वर्षीच्या मे महिन्यात मी पुन्हा लखनऊला गेलो. वहीत आता प्रत्येक पानावर रकाने आहेत: चोच, डोळा, पाय, शेपटी, उडणे, आवाज, इतर पक्ष्यांचे वागणे. नावाचा रकाना सगळ्यांत शेवटी आहे. आई आता फोटो काढण्यात माझ्यापुढे आहे. माळीचाचा रोज सकाळी विचारतात, "आज का देखा, भैया?" त्यांना उत्तर देताना मी नाव सांगत नाही, वर्णन सांगतो आणि मग ते नाव सांगतात. महिन्याभरात शिक्र्याच्या नोंदी 6 झाल्या, पावशाच्या 9. गेल्या वर्षीच्या 19 पेक्षा या 15 मला जास्त वाटतात.

शेवटची नोंद 28 मे ची आहे. ती जशीच्या तशी देतो.

सकाळी 9.10. आकाश स्वच्छ. घारीएवढा पक्षी, घारींच्या वर, एकटा. पंख रुंद आणि लांब. डोके लहान, मान पुढे काढल्यासारखी, कबुतराची असते तशी. शेपटी मिटलेली असतानाही खाच नाही, टोक गोलसर, त्यावर दोन रुंद गडद पट्टे. पोट फिके. पंख न हलवता 4 मिनिटे गोल फिरला, मग दिलकुशाच्या दिशेने गेला. आवाज नाही. खाली सातभाई गप्प होते.

पुस्तकातल्या मधुबाजाशी हे जुळते. पण मधुबाजाचे रंग एका पक्ष्यापासून दुसऱ्या पक्ष्यापर्यंत खूप बदलतात आणि मी तो एकदाच पाहिला आहे. म्हणून नावाच्या रकान्यात लिहिले आहे: ओळख पटली नाही. वाचकांपैकी कोणाला पटली तर त्यांनी शाळेच्या पत्त्यावर जरूर कळवावे.