घडी घालायची घाई

केज,
१२ एप्रिल

चि. वैशाली,


परवा फोनवर बोलता बोलता तुझा आवाज बसला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यामुळे मलाही नीट बोलता आलं नाही. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आज दुकान वाढवल्यावर लिहायला बसलोय. तू म्हणालीस, "काका, सकाळपासून तेच तेच सांगते. केवायसी करा, आधार जोडा, झेरॉक्स आणा. दुपारपर्यंत आवाज चढतोच. काल एका आजींवर ओरडले आणि रात्रभर झोप आली नाही." पोरी, तू ओरडलीस याचं वाईट वाटलं, पण झोप आली नाही हे ऐकून बरं वाटलं. ज्याला झोप लागते त्याला पत्र लिहून उपयोग नसतो.

मला बँकेतलं काही कळत नाही. मला कापड कळतं, आणि समोर बसलेला माणूस थोडाफार कळतो. तोही तुझ्या आजोबांमुळे.

१९७२ च्या दुष्काळाची गोष्ट. मी बारा वर्षांचा होतो. गावं खडी फोडायला गेली होती, दुकानात दिवसाला चार माणसंसुद्धा चढत नव्हती. अशात एक जण आला आणि पायरीच्या कडेला टेकला. आजोबांनी त्याला गादीवर बोलावलं, तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "कुणासाठी घ्यायचंय?" कितीपर्यंत दाखवू, असं त्यांनी आयुष्यात कुणाला विचारलं नाही. "कितीपर्यंत म्हटलं की माणूस खिसा चाचपतो, कुणासाठी म्हटलं की लेकीचं तोंड आठवतो," असं ते म्हणायचे. लेकीचं लग्न होतं. आजोबांनी तीन किमतींची तीन लुगडी शेजारी शेजारी उलगडली आणि हात मागे घेतला. तो माणूस अर्धा तास पदर चाचपत बसला. मग हळूच म्हणाला, "पुन्हा येतो."

पैसे पुरत नव्हते हे मलाही कळलं. मी लुगडं ओढलं आणि घडी घालायला लागलो. आजोबांनी माझं मनगट धरलं. अगदी घट्ट. तो पायरी उतरून दिसेनासा झाला तेव्हा सोडलं आणि म्हणाले, "तो बसलेला असताना घडी घातलीस, म्हणजे त्याला सांगितलंस, की तू माझा वेळ फुकट घालवलास." तो माणूस परत आला का, ते मला आठवत नाही. मनगटावरची ती पकड आजही आठवते.

तू म्हणशील, दुकानदाराला गोड बोलावंच लागतं. खरं आहे. माझ्या गिऱ्हाइकाला मी तुसडेपणाने बोललो तर तो चार पावलं पुढच्या दुकानात जाईल. माझ्या गोडव्यात माझा थोडा फायदा आहेच. पण तुझ्या खिडकीसमोर उभी असलेली बाई कुठे जाणार? तिचं खातं तुझ्याकडे, अनुदान तुझ्याकडे. तिला सोडून जाता येत नाही, म्हणून तर ती तुझं सगळं ऐकून घेते. जिथे गिऱ्हाईक पाठ फिरवू शकत नाही, तिथल्या चांगल्या बोलण्याला खरी किंमत आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो. आपल्या तालुक्यातली माणसं तुला माहीत आहेत. दसरा-दिवाळी झाली की उचल घेऊन साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मग लग्नं निघतात, बस्ते बांधले जातात. माझ्या दुकानाचं वर्ष त्यांच्यावर चालतं. त्यांच्यातल्याच एक मावशी बस्त्याला आल्या होत्या. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार महिन्याला जमा होतात, ते काढायचे होते आणि सोबत कुणी नव्हतं, म्हणून मी गेलो.

बँक कुठली ते सोडून दे. मावशींनी यंत्रावर अंगठा ठेवला. ठसा उमटेना. दुसरा ठेवला, उमटेना. जन्मभर कोयता धरून, मोळ्या बांधून त्या बोटांच्या रेघा झिजून गेल्या होत्या. खिडकीतून आवाज आला, "तुमचा ठसाच येत नाही, व्हा बाजूला." मागे तीस माणसं. मावशी बाजूला झाल्या आणि पदराला अंगठा घासत राहिल्या, काही चुकलं असल्यासारख्या. ज्या कष्टाने हात झिजला त्या कष्टाचीच त्यांना चार माणसांत लाज वाटायला लावली, वैशाली. मला तिथे उभं राहवलं नाही.

मग आम्ही ग्राहक सेवा केंद्रावर गेलो. तिथला पोरगा पंचविशीतला असेल. त्याने ओलं फडकं दिलं, काच पुसली, एकेक करून सगळी बोटं लावून पाहिली. इथेही ठसा आला नाही. तो म्हणाला, "मावशी, कामाच्या हातांना हे यंत्र ओळखत नाही. तुमचं काही चुकलं नाही." मग एका चिठ्ठीवर लिहून दिलं, की आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने नोंदवा, जाताना आधार कार्ड न्या, तोवर पासबुक घेऊन शाखेत जा आणि पैसे काढायच्या स्लिपवर शाईचा अंगठा द्या. पैसे त्या दिवशी इथेही मिळाले नाहीत. दोन्हीकडे उत्तर "नाही" हेच होतं. पण बँकेतून मावशी मान खाली घालून निघाल्या होत्या आणि इथून चिठ्ठी कनवटीला लावून, पुढे काय करायचं ते ठरवून निघाल्या. दुसऱ्या दिवशी काम झालं.

माणसाला "नाही" पचतं, वैशाली. आपण कुणीच नाही, हे पचत नाही.

१९६९ साली चौदा बँका सरकारने घेतल्या, २०१४ मध्ये जनधनची खाती निघाली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती ती माणसं तुझ्या रांगेत आली. त्यांना दारापर्यंत आणायचं काम सरकारने केलं. आत आल्यावर त्यांना आपलं वाटावं, हे काम तुझं आहे.

तुझी बाजूही मला कळते. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाला अर्धा तास असतो, तुझ्याकडे दोन मिनिटं. माणसं खेकसतात, रांग मोडतात, तुझ्यावरच ओरडतात. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली, ती तू परीक्षेसाठी पाठ केली असशील. तिच्यातला पहिलाच हक्क न्याय्य वागणुकीचा. त्यात लिहिलंय, की सौजन्याने वागवलं जाण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि सेवा देणाऱ्यालाही आहे. तेव्हा कुणी अद्वातद्वा बोलला तर शांतपणे, पण ठामपणे थांबव. सोसत राहशील तर तो राग संध्याकाळी कुठल्या तरी गरीब आजीवर निघेल. मला वाटतं, त्या दिवशी तेच झालं.

बाकी जास्त वेळ लागेल असं काही सांगत नाही. समोरचा आला की एकदा मान वर करून बघ. मावशी, बापू, दादा, जे तोंडात येईल ते म्हण. कागद कमी असेल तर सगळे कागद एकदाच सांग. आज एक, उद्या दुसरा असं नको. खेड्यातून येणाऱ्याची प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. वाचता येत नसेल तर चिठ्ठी लिहून दे, घरी नातू वाचून दाखवेल. आणि त्या आजी परत आल्या तर सगळ्यांदेखत म्हण, "त्या दिवशी माझं चुकलं." सगळ्यांदेखत ओरडली होतीस, म्हणून सगळ्यांदेखतच.

आणखी एक. समोरचं माणूस कागद पिशवीत घालत असतं, चष्मा काढत असतं, पैसे पुन्हा मोजत असतं, तेवढ्यात आपण "पुढचे कोण?" म्हणून हाक मारतो. ती घाईच घडी घालते. आजी वळून दोन पावलं जाऊ देत, मग हाक मार. दहा सेकंद लागतील.

सुट्टी मिळाली की ये. काकू वाट बघतेय.

तुझा,
काका