इस्त्री, वाफ आणि कोयनेचा पाऊस

कोयनानगर

चि. छकुलीस,

स्टीमर घेऊ का, असं तू विचारलंस. आजोबा रोजच्या सदऱ्यालासुद्धा इस्त्री का करायचे, हेही विचारलंस. दोन्हींचा धागा एकच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तू यायचीस ती मे महिन्यात. इथला पाऊस तू पाहिलाच नाहीस. वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. चुलीवरच्या दांडीवर दोन दिवस टांगलेलं धोतरही हाताला गारच लागतं. कॉलरच्या दुहेरी कापडात, नेफ्यात ओल राहते, कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडले की ते जाता जात नाहीत. आजोबांची पितळी इस्त्री आधी कपडे वाळवायला होती, घडीसाठी नंतर. 1962 साली पोफळीच्या वीजगृहात कोयनेची वीज तयार होऊ लागली, तरी आमच्या घरात निखाऱ्यांचीच इस्त्री पुढे बरीच वर्षं चालली.

आजोबा धरणाच्या कामावर मजूर म्हणून लागले. बाहेर घालण्याजोगा सदरा एकच. रात्री धुवायचा, इस्त्रीनं वाळवायचा, सकाळी अंगात घालायचा. ज्यांच्याकडे इस्त्री नसे ते तांब्यात निखारे भरून तो कपड्यावर फिरवत, नाहीतर घडी करून गादीखाली ठेवत. दिवसभर मातीत राबणाऱ्या माणसाला सकाळी तरी नीटनेटकं दिसावंसं वाटे. त्याला दिखावा म्हणायला माझं मन धजत नाही.

आता स्टीमरचं. इस्त्रीआधी आजोबा वाटीतलं पाणी बोटांनी शिंपडून कपडा गुंडाळून ठेवायचे. सुती धाग्यातले रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ते बंध सुटतात आणि ओल गेली की कापड ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत पुन्हा जुळतात. इस्त्रीचं वजन कापडाला त्या वेळी सपाट धरून ठेवतं. स्टीमर पाणी देतो, उष्णता भरपूर देतो (एक ग्रॅम वाफ कापडावर गार होऊन तिचं पाणी झालं की सुमारे 540 कॅलरी सोडते), पण दाब देत नाही. म्हणून लोकरीचा कोट, पॉलिएस्टरचा कुर्ता त्यानं छान सरळ होतो; पॉलिएस्टर 70-80 अंशांपुढे मऊ पडतंच. जाड सुती शर्टाची कॉलर, खादी, पँटची धार मात्र त्याच्यानं होत नाही. तेव्हा स्टीमर ही फसवणूक नाही, पण त्यानं इस्त्रीचं सगळं काम भागणार नाही.

2024च्या मे महिन्यात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं आपल्या लोकांना सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालायला सांगितलं होतं. हजार वॅटची इस्त्री तासभर तापती राहिली की एक युनिट वीज जाते, त्यामुळे मला ते पटतं. तुझ्या ऑफिसात चालत असेल तर रोजचे कपडे नुसते झटकून हँगरला लाव.

सुती साडी पाठवते आहे. तिला खळ दिली आहे आणि वाफेनं खळ मऊ पडते, म्हणून तिच्यावर स्टीमर फिरवू नकोस. पाणी शिंपडून, थोडी ओलसर असतानाच इस्त्री कर.

तुझी,
आत्या